बालहृदयातील आडवाट आणि तिचे निदान

हृदयविकार हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशी उलटलेला गृहस्थ उभा राहतो. लहान मुलाच्या हृदयाविषयी बोलणे निघालेच, तर ते फार तर जन्मजात छिद्रापर्यंत जाते. परंतु हृदयाची घडण उत्तम, झडपा ठीक, रक्तवाहिन्या ठीक, आणि तरीही एखादे मूल खेळता खेळता एकाएकी पांढरेफटक पडते, छातीवर हात ठेवून खाली बसते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा इतरांबरोबर धावू लागते, असाही एक प्रकार आहे. अशा मुलाच्या हृदयाचा पंप धड असतो. दोष असतो तो त्या पंपाला चालविणाऱ्या विजेच्या वाटेत.

आम्ही पेशाने शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. तरीही आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. या विकाराचे निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते हे खरे. पण त्या निदानाचा अर्धा पुरावा घरात आणि शाळेच्या मैदानावर असतो. तो आपण जपून ठेवला नाही, तर डॉक्टरांपुढे पोहोचते ते एक ठणठणीत मूल आणि एक शांत नाडी. मग 'काही नाही, भित्रे आहे' असा शेरा त्या मुलाच्या कपाळी बसतो, आणि पूर्ण बरा होण्याजोगा विकार वर्षानुवर्षे तसाच राहतो.

विजेची राजवाट

हृदयाचे चार कप्पे आपण शाळेत शिकलो आहोत. वरचे दोन म्हणजे कर्णिका, खालचे दोन म्हणजे जवनिका. कर्णिका आधी आकुंचन पावतात व रक्त खाली ढकलतात. मग जवनिका आकुंचन पावून ते फुप्फुसांकडे व सर्व शरीराकडे पाठवितात. हा क्रम राखण्यासाठी हृदयाला बाहेरून कोणी हुकूम द्यावा लागत नाही. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात सायनस नोड नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेथे दर ठोक्याची वीज जन्म घेते. हा पुंजका आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी १९०७ साली दाखवून दिला.

तेथून निघालेली वीज दोन्ही कर्णिकांत पसरते. पण कर्णिका व जवनिका यांच्या मध्ये तंतूंचे एक कडे आहे आणि त्यातून वीज जात नाही. घराभोवती जशी गडग्याची भिंत, तसे हे कडे. त्या भिंतीला निरोगी हृदयात एकच दरवाजा असतो. त्याला ए.व्ही. नोड म्हणतात. जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनी जर्मनीत काम करीत असताना १९०६ साली त्याचे वर्णन केले. या दरवाजात वीज सुमारे एक दशांश सेकंद थबकते. तेवढ्या वेळात कर्णिकांतील रक्त जवनिकांत पूर्ण उतरते. पुढे हिस यांचा जुडगा, त्याच्या दोन शाखा व पुर्किन्ये यांचे तंतू या मार्गाने ती जवनिकांच्या कानाकोपऱ्यांत झपाट्याने पोहोचते. ही झाली राजवाट.

या दरवाजाचे आणखी एक काम आहे. कर्णिकांत कधी बेबंद गोंधळ माजला, तरी तो सर्वच्या सर्व ठोके खाली सोडीत नाही. तो पहारेकरीही आहे. हे ध्यानात ठेवावे. पुढे धोक्याचा विचार करताना त्याची गरज पडेल.

आडवाट कशी पडते

गर्भातील बाळाचे हृदय घडत असताना कर्णिका व जवनिका यांचे स्नायू प्रथम एकमेकांना जोडलेले असतात. मधले तंतूंचे कडे तयार होत जाते तसतसे हे जोड तुटतात. एखाद्या बाळात केसाएवढा एक स्नायूचा धागा तुटावयाचा राहून जातो. हीच आडवाट. मूल ती जन्मतःच घेऊन येते. तिचा संबंध आईबापांच्या चुकीशी नाही, दृष्ट लागण्याशी नाही आणि मुलाच्या खोडकरपणाशीही नाही. दर हजार माणसांत साधारण एक ते तीन जणांच्या हृदयालेखात अशा आडवाटेची खूण आढळते.

या वाटेचा उपद्रव होतो तो असा. कधी एखादा ठोका अवेळी पडतो. त्याची वीज आडवाटेपाशी येते तेव्हा ती वाट मागच्या ठोक्यातून अजून सावरलेली नसते. म्हणून वीज केवळ राजवाटेने खाली उतरते. ती जवनिकांत पोहोचते तोवर आडवाट सावरलेली असते. मग तीच वीज आडवाटेने उलटी वर चढते, कर्णिकांत शिरते, आणि पुन्हा राजवाटेने खाली येते. तेल्याच्या घाण्याचा बैल जसा गोल फिरतो तशी वीज फिरत राहते. दर फेऱ्याला एक ठोका. सायनस नोडला कोणी विचारीत नाही. म्हणूनच ही धडधड बटण दाबल्याप्रमाणे एका क्षणात सुरू होते आणि तशीच एका क्षणात थांबते.

शोधाची पावले

स्टॅन्ली केंट यांनी १८९३ सालीच कर्णिका व जवनिका यांच्यामधील स्नायूंच्या जोडण्यांविषयी लिहिले होते. पण रोग्याच्या अंथरुणापाशी या गोष्टीची ओळख पटण्यास हृदयाची वीज कागदावर उतरविणारे यंत्र हवे होते. ते हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३० साली बोस्टनचे लुई वुल्फ व पॉल डडली व्हाइट आणि लंडनचे जॉन पार्किन्सन यांनी मिळून अकरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. ही माणसे बहुतेक तरुण व एरवी निरोगी होती. त्यांना धडधडीचे झटके येत, आणि झटका नसतानाही त्यांचे हृदयालेख एका विशिष्ट तऱ्हेने वेगळे दिसत. तेव्हापासून या विकाराला वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट असे नाव पडले. मात्र हा लेख असा का दिसतो, हे त्या तिघांना उलगडले नव्हते. आडवाटेची उपपत्ती पुढील दोन-तीन वर्षांत इतरांनी मांडली; आणि १९४३ साली अशा विकाराच्या एका मृत रोग्याच्या हृदयात तो जादा धागा सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष सापडला.

१९६८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी उत्तर कॅरोलिनातील एका कोळ्याचे हृदय उघडून, आडवाटेची जागा विजेच्या मोजणीने शोधून ती कापली. आणि तो बरा झाला. पुढे १९८० नंतरच्या दशकात मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन, तिच्या टोकाशी उष्णता निर्माण करून आडवाट जाळण्याची पद्धत आली. १९९१ पर्यंत तिचे यश मान्य झाले आणि छाती उघडण्याची गरज जवळजवळ संपली.

पट्टीवरचे अक्षर

हृदयालेख, म्हणजे ई.सी.जी., हे या निदानाचे मुख्य साधन होय. तो काढताना वेदना होत नाही, सुई टोचत नाही. हातापायांना व छातीला मिळून दहा ठिकाणी तारा लावून हृदयाची वीज बारा बाजूंनी पाहिली जाते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकतो. म्हणजे एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि एक मोठा ०.२ सेकंदाचा.

पट्टीवर आधी एक छोटी टेकडी दिसते. तिला 'पी' म्हणतात, ती कर्णिकांची. मग थोडी सपाट जागा. ती दरवाजातील थबकणे. मग उंच, निमुळता सुळका. त्याला 'क्यू-आर-एस' म्हणतात, तो जवनिकांचा. 'पी'च्या आरंभापासून सुळक्याच्या आरंभापर्यंतचे अंतर मोठ्या माणसात तीन ते पाच लहान चौकोन असते.

आडवाट असली की वीज दरवाजाशी न थबकता भिंतीपलीकडे जाते. त्यामुळे तीन खुणा दिसतात. पहिली, मधली सपाट जागा आखडते. दुसरी, सुळका सरळ उभा न चढता पायथ्याशी उतरणीसारखा तिरपा सुरू होतो. याला डेल्टा लहर म्हणतात. तिसरी, सुळका एकंदरीत रुंद होतो. डेल्टा लहर कोणत्या बाजूने वर व कोणत्या बाजूने खाली दिसते, यावरून आडवाट हृदयाच्या कोणत्या अंगाला आहे याचाही जाणकार अंदाज बांधतात.

आम्ही राहतो त्या सीमाभागात एक डॉक्टर कानडीत बोलतात, दुसरे मराठीत, तिसरे इंग्रजीत. पट्टीचे अक्षर मात्र सर्वांना सारखेच वाचता येते. म्हणून ती पट्टी जपून ठेवणे हे मुलाच्या जन्मदाखल्याइतकेच महत्त्वाचे समजावे.

निदान कोठे चुकू शकते

मुलांच्या बाबतीत हे वाचन वाटते तितके सोपे नाही. याची कारणे समजून घेतली, तर 'एक ई.सी.जी. चांगला आला, आता चिंता नाही' असे आपण घाईने म्हणणार नाही.

पहिले कारण वयाचे. लहान मुलांत सर्वच अंतरे मुळात आखूड असतात. अर्भकाचे ०.०९ सेकंदाचे अंतर निरोगी असू शकते. तेच मोठ्या माणसात आखूड ठरते. म्हणून मुलाची पट्टी मुलांच्या कोष्टकानेच मोजली पाहिजे. शिवाय मुलांचा दरवाजा चपळ असतो. वीज राजवाटेनेही इतकी लवकर पोहोचते की डेल्टा लहर सुळक्यात जवळजवळ लपून जाते. अशा वेळी जाणकार डॉक्टर इतर बारीक खुणा पाहतात. उदाहरणार्थ, छातीच्या डाव्या बाजूच्या सहाव्या लीडमध्ये निरोगी मुलात सहसा दिसणारी छोटी 'क्यू' लहर नसली, तर ते संशय घेतात.

दुसरे कारण असे की, काही आडवाटा कधी वीज नेतात व कधी नेत नाहीत. सोमवारची पट्टी वेगळी, गुरुवारची वेगळी.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. काही आडवाटा केवळ खालून वर, एकाच दिशेने वीज नेतात. त्यांना गुप्त आडवाटा म्हणतात. मूल शांत असताना त्यांची पट्टी पूर्ण निरोगी दिसते. झटका चालू असताना काढलेली पट्टीच त्यांचा माग देते.

चौथा प्रकार याच्या उलट. हिसच्या जुडग्यापासून किंवा त्याच्या शाखेपासून निघून जवळच्या स्नायूत जाणारी एक आडवाट असते. तिची पट्टी थोडीशी वुल्फ-पार्किन्सन-व्हाइटसारखी दिसते, पण तिच्यामुळे झटके येत नाहीत. असे मूल उगाच रोगी ठरू नये, यासाठीही नीट तपासणी हवी.

आणखी एक दुर्मिळ प्रकार सांगितलाच पाहिजे. एका जातीच्या आडवाटेतून वीज फार सावकाश उलटी जाते आणि धडधड महिनोन्महिने जवळजवळ अखंड चालू राहते. वेग फार मोठा नसतो. म्हणून मूल तक्रारही करीत नाही. पण हृदय दमत जाते, फुगते, आणि 'हृदयाचा स्नायूच अशक्त आहे' असे चुकीचे निदान होण्याचा संभव असतो. खरे कारण ओळखून धडधड थांबविली की तेच हृदय बहुधा पूर्ववत सावरते. योग्य निदानाची किंमत काय असते, हे याहून स्पष्ट कोठे दिसणार?

डॉक्टर पुढे काय करतात

संशय आला की हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करतात. कारण काही मुलांत आडवाटेबरोबर रचनेचाही दोष असतो. त्यांत एब्स्टाइन यांच्या नावाने ओळखला जाणारा, उजवीकडच्या झडपेचा दोष प्रमुख होय. झटके वारंवार येत असल्यास चोवीस तास अंगावर बाळगण्याचे होल्टर यंत्र लावतात. क्वचित येत असल्यास अधिक दिवस वापरण्याचे यंत्र देतात. मोठ्या मुलांस यंत्राच्या पट्ट्यावर धाववून पाहतात. धावताना वेग वाढताच डेल्टा लहर एकाएकी नाहीशी झाली, तर ती आडवाट सहसा दुबळी व कमी धोक्याची समजतात.

झटका चालू असताना ॲडेनोसिन हे औषध शिरेतून देतात. त्याचा परिणाम काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात दरवाजा क्षणभर बंद होऊन फेरा तुटतो. हे औषध देताना पट्टी चालू ठेवणे अगत्याचे असते. त्या काही सेकंदांच्या लेखातच पुष्कळदा निदान लिहिलेले असते.

अखेरची तपासणी म्हणजे नळी हृदयात नेऊन आतून वीज मोजणे. यात आडवाट कोठे आहे, एक आहे की अनेक, आणि ती किती वेगाने वीज नेऊ शकते, हे कळते. आणि येथेच त्या पहारेकऱ्याची आठवण होते. कर्णिकांत बेबंद कंप सुरू झाला, तर राजवाटेचा दरवाजा बरेच ठोके अडवितो. आडवाटेला मात्र पहारा नसतो. ती वेगवान असेल तर तो गोंधळ जवनिकांत उतरतो आणि क्वचित प्राणावर बेतते. अशा कंपात आडवाटेने आलेल्या दोन ठोक्यांमधील सर्वांत कमी अंतर ०.२५ सेकंद किंवा त्याहून कमी असेल, तर धोका अधिक मानतात. ज्यांना काहीच त्रास नाही पण पट्टीवर खूण आहे अशा ८ ते २१ वर्षांच्या मुलांची तपासणी कशी करावी, याविषयी बालहृदयतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २०१२ साली मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. असे अनर्थ विरळा घडतात हे खरे. तथापि खेळताना बेशुद्ध पडलेल्या मुलाला 'ऊन लागले' म्हणून घरी पाठविणे केव्हाही योग्य नव्हे.

नळीने आडवाट जाळण्याचा किंवा गोठविण्याचा उपाय दहांपैकी नऊहून अधिक मुलांत यशस्वी होतो. वाट दरवाजाच्या अगदी जवळ असल्यास दरवाजालाच इजा होण्याचा धोका असतो, म्हणून तेथे विशेष सावधगिरी बाळगतात. अगदी लहान बाळांत शक्य तो औषधांवर वेळ काढतात. कारण पुष्कळ अर्भकांची आडवाट पहिल्या वर्षात आपोआप निष्क्रिय होते. मात्र त्यांतील काहींना शाळकरी वयात झटके पुन्हा येऊ शकतात. म्हणून तान्हेपणीची पट्टी फेकून देऊ नये.

घरी व शाळेत आपण काय करावे

मुलांची भाषा ओळखावी. 'छातीत पाखरू फडफडते', 'पोटात धाडधाड होते', 'गळ्यात काहीतरी उडते' असे मूल सांगत असेल, तर ते कल्पनेच्या भराऱ्या मारीत नाही. त्याला जे जाणवते त्याला त्याच्यापाशी तेवढेच शब्द आहेत. तान्ह्या बाळाला तर शब्दही नसतात. त्याने एकाएकी दूध तोडणे, घामाघूम होणे, फिकट पडणे, भराभर श्वास घेणे आणि काही केल्या रडणे न थांबणे, हीच त्याची भाषा.

ठोके मोजावेत. ताप, भीती, धावपळ किंवा रक्तक्षय यांमुळेही नाडी वाढते. पण ती हळूहळू चढते व हळूहळू उतरते. झटक्याची नाडी एकदम चढते, एकाच वेगावर खिळून राहते, आणि एकदम उतरते. शांत बसलेल्या शाळकरी मुलाची नाडी मिनिटाला १८० च्या वर, किंवा अर्भकाची २२० च्या वर असेल, तर वेळ दवडू नये. इतक्या वेगात आकडे मोजता येत नाहीत. म्हणून छातीवर हात ठेवून, पंधरा सेकंद दर ठोक्याला पेन्सिलीने कागदावर एक टिंब द्यावे आणि टिंबे मोजून चाराने गुणावे. दुसऱ्या कोणी मानेच्या शिरेचे मोबाइलवर चित्रण करावे. झटका किती वाजता, काय करीत असता सुरू झाला व कसा थांबला, हे वहीत लिहावे. नाडीचा आलेख काढणारी मनगटी घड्याळे आता मिळतात. तो आलेखही डॉक्टरांना दाखवावा, पण त्यावर स्वतः निदान करू नये.

झटका चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ई.सी.जी. काढून घ्यावा. मोठ्या शहरातील मोठा डॉक्टर गाठेपर्यंत तो थांबून जाईल. गावच्या दवाखान्यात काढलेली साधी पट्टी त्या मोठ्या डॉक्टरांच्या दृष्टीने अनमोल असते. श्वास कोंडून शौचास बसल्याप्रमाणे जोर करणे, हा उपाय डॉक्टरांनी शिकविला असेल तर मुलाकडून करवून घ्यावा. डोळ्यांची बुबुळे दाबण्याचा जुना उपाय मात्र कोणीही करू नये. त्याने दृष्टी जाण्याचे भय असते. मूल बेशुद्ध पडले तर कोणताही उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे; आणि श्वास चालू नसेल तर मदत येईपर्यंत छाती दाबण्याचा प्रथमोपचार लगेच सुरू करावा. निदान झालेल्या मुलाच्या पट्टीची प्रत घरच्यांनी सदैव जवळ ठेवावी, व कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ती आधी दाखवावी. कारण धडधडीवरची डिगॉक्सिन, व्हेरापामिल यांसारखी नेहमीची औषधे काही आडवाटांत अपायकारक ठरतात.

एक गोष्ट मन घट्ट करून लिहितो. मुलगी असली की 'उद्या लग्न जमावयाचे आहे' म्हणून घरची माणसे पट्टी लपवितात, तपासणी टाळतात. आमच्या मोहल्ल्यात हे होते आणि शेजारच्या गल्लीतही होते. ताईत बांधावा, दृष्ट काढावी, दुआ मागावी. त्याला आमची ना नाही. पण वडीलधारी माणसे दुआबरोबर दवाही सांगत आली आहेत. ज्या आडवाटेवर एका दिवसाच्या उपायाने कायमचा पडदा पडू शकतो, ती लपवून मुलीच्या आयुष्यभर सोबतीला देणे, यात तिचे कोणते हित आहे?

आपल्या ट्रस्टच्या सभासदांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, गरजू कुटुंबांना औषधपाण्यासाठी हात देणारे दाते आहेत. या सर्वांना आमची एकच विनंती. एखादे मूल छातीवर हात ठेवून खाली बसले, तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवा, मग घड्याळ पाहा, आणि मग पट्टी काढून घ्या. पुढचे काम जाणत्या डॉक्टरांचे आहे, आणि ते त्यांना उत्तम येते.